तीन बोटं

शिबिर होतं चौथीच्या वर्गात.
डॉक्टर परकारबाईंनी टॉर्च लावला, म्हणाल्या,
तीन बोटं जोडा, उभी धरा, तोंडात घाला.
माझी गेली.
पण डाव्या गालात आत एक पांढरा डाग,
पोफळीच्या खोडावर दगडफूल धरतं, तेवढा.
खरवडून जात नाही म्हणाल्या.
तंबाखू? नाही. मिश्री? नाही.
सुपारी?
श्रीवर्धनात हे विचारायचं?
सोलते. रोज. खात नाही.
लहानपणी खाल्लीय, ओली, चोरून. ती धरायची का?
त्यांनी धरली.

मग कागदावर आमचं घर काढलं.
बाप्ये चौकोन, बायका गोल,
आजार झाला तो काळा भरायचा,
गेला त्याच्यावर तिरकी रेघ.
बाबा : काळा चौकोन, रेघ.
शेवटी त्यांच्या तोंडात एकच बोट जायचं,
तेही करंगळी. पेज गाळून, नळीनं.
द्वारकाआत्या : काळा गोल, रेघ.
तिनं उभ्या जन्मात विडे लावले ते दुसऱ्यांसाठी.
रघुवीरकाका : कोरा.
साठ वर्षं गाल फुगलेला,
थुंकून थुंकून गडग्याचे चिरे रंगवले,
आणि गेले ते झोपेत, दात शाबूत.
हे कुठलं गणित, मी विचारलं.

अंगात विष धुणारे हात असतात, बाई म्हणाल्या,
काही घरांत एखादा हात जन्मतःच कमी.
नक्की सांगता येत नाही.
वाटा असतो, निकाल नसतो.

वाटा मला कळतो.
आमच्या बागेच्या सातबाऱ्यावर सोळा नावं,
दोघं मुंबईला, एक मस्कतला, पाच जण वर.
कुणाला किती आलं ते तलाठ्याकडे सापडतं.
ह्याला तलाठी नाही.
फेरफार झाला, नोटीस आली नाही,
हरकतीची मुदत संपली
मी आईच्या पोटात असतानाच.

बाबांना ह्यातलं अर्धं ठाऊक होतं.
रोपासाठी ते कुठलीही सुपारी घेत नसत.
पंचवीसेक वर्षांची पोफळ, आखूड पेरांची,
घड झाडावरच पिकून पिवळाधम्मक झालेला.
मग घंगाळात पाणी भरून एकेक सोडायची.
देठ वर करून उभी तरंगेल ती रुजवायला,
आडवी पडेल ती सोलायला.
आधी झाड बघावं, मग बी बघावं, मग खड्डा खणावा,
म्हणायचे,
आणि म्हणताना
कातरलेलं खांड ह्या गालातून त्या गालात.

आज सोलताना फोडलेली सुपारी
दोन-दोनदा उलटून बघितली.
आतलं पांढरं-तांबूस जाळं प्रत्येकीचं वेगळं.
घड एकच.
शेजारची म्हणाली, वैनी, हात चालव,
पोतं संध्याकाळी न्यायला येतील.

मंगळवारी अलिबागला जायचंय,
डागाचा तुकडा द्यायला.
कागद त्यांनी मलाच दिला, जपून ठेवा म्हणाल्या.
घडी करून अडकित्त्याखाली ठेवलाय.
सगळ्यात खाली एक चौकोन आहे,
निशांत, वय सव्वीस, पनवेल.
त्यात काही भरलेलं नाही.

रात्री व्हिडिओ कॉल लावला.
जेवलास का, झालं. खोलीचं भाडं, झालं.
मग म्हटलं, तोंड उघड, तीन बोटं घाल.
काय गं आई, म्हणाला, आणि हसला.
हसताना तोंडापुढे हात धरला,
पूर्वी धरत नसे.
घाल रे.
एक. दोन.
तिसऱ्याला चित्र थांबलं.
समुद्राकडून वारा सुटला की इथली रेंज जाते.
मी फोन भिंतीला टेकवून बराच वेळ बघत बसले,
त्याचं अर्धं उघडं तोंड,
दोन बोटं आत,
तिसरं दाराशी.