सगळ्या तारा काळ्या

फ्राय बेन्तोसला जुलैतली थंडी नदीवरून येते
आणि गॅरेजच्या पत्र्याखालून आत सरकते.
सेनोवियाबाईंनी गाडीवरचं कापड ओढलं.
सदतीस सालची मॉरिस. चाकांत हवा नाही,
मागच्या सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं होऊन गेलेली.
"वडिलांची आहे," त्या म्हणाल्या. "चालू करून दे."

मी डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा झालो, दातांत टॉर्च.
कंपनीच्या नकाशात सगळं सोपं असतं:
तपकिरी तार बॅटरीकडून निघते, पांढरी इग्निशनची,
निळी मोठ्या दिव्यांना, लाल बारक्यांना,
काळी पत्र्याला भिडते, तिथे सगळ्याला अर्थ मिळतो.
इथे सगळ्याच काळ्या.
सुताचं वेष्टण, त्यावर डांबराचा हात,
आणि कुठली कुठे जाते हे माहीत फक्त एल्बिओला,
जो अकरा वर्षांपूर्वी वारला.

"कुठल्या गाढवानं हे..." तोंडातून गेलंच.
बाई हलल्या नाहीत.
"मांसाच्या कारखान्यात एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते.
शीतघराची सगळी पॅनेलं त्यांच्या हातची.
कुणाला कधी झटका बसला नाही."

मी म्हटलं, हे उपटून टाकू.
नवा जुडगा मागवतो मॉन्तेविदेओहून, रंगीत. दोन दिवसांचं काम.
पक्कड लावली,
आणि दाबणार तेवढ्यात अंगठ्याला काहीतरी लागलं.
गाठ.
टोकापासून चार बोटं अलीकडे, मेणदोऱ्याची.
शेजारच्या तारेवर दोन.
तिसरीवर एकच, पण पीळ उलटा,
या नदीवरचे कोळी जाळ्याला देतात तसा.
प्लगच्या तारांवर एक, दोन, तीन, चार,
आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर, प्रत्येक भोकाशेजारी,
खिळ्यानं काढलेल्या तितक्याच रेघा,
ठिणगीच्या क्रमानं: एक, तीन, चार, दोन.

मी टॉर्च विझवला.
अंधारात ते वायरिंग जास्त चांगलं वाचता येत होतं.

बाहेर आलो, हात पुसले, पुसतच राहिलो.
"बाई, तुमच्या वडिलांना रंग कळायचे का?"

त्या बराच वेळ बॉनेटकडे बघत होत्या.
"टोमॅटो मला निवडायला लावायचे. दर रविवारी, बाजारात.
पिकलाय का सांग, म्हणायचे.
मला वाटायचं, मला शिकवतायत."
मग: "मॉन्तेविदेओला कधी नेली नाही गाडी.
म्हणायचे, रस्ता खराब आहे.
रस्ता चांगला होता. तिथे सिग्नल होते."
मग: "कारखान्यात कळलं असतं तर..."
ते वाक्य त्यांनी तसंच ठेवलं, उघड्या टोकाचं.

दोन दिवसांचं काम तेरा दिवस चाललं.
जिथे सूत कुजलं होतं तिथे नवी तार घातली, काळीच.
गाठी बाईंनी मारल्या. उलटा पीळ त्यांच्या बोटांना येत होता,
कुणी शिकवला ते आठवत नव्हतं.
मी पॉइंट घासले, फटीत पातं घालून पाहिलं,
कंडेन्सर बदलला, बॅटरीचं धन टोक पत्र्याला दिलं,
त्या काळच्या इंग्रजांची तीच उफराटी रीत.
कथील वितळल्याचा वास,
आणि स्टोव्हवर बाईंची केटली.

शेवटी प्लगची एक तार काढून इंजिनाजवळ धरली.
दार लावा, म्हटलं. त्यांनी लावलं.
हँडल मारलं.

टच्.
निळी.

"ही दिसली असेल ना त्यांना?" अंधारातून प्रश्न आला.
निळा दिसतो बहुतेकांना, मी म्हणालो.
खरं तर मला नक्की माहीत नव्हतं.
"परत मार," त्या म्हणाल्या.
मी परत मारलं. सात वेळा.

गाडी आता चालते. एक गाठ मात्र मी चुकीची मोजली,
ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो.
दुरुस्त करायला गेलो तर बाई म्हणाल्या, राहू दे.
चौकातली कुत्री आता आधीच बाजूला होतात.