हातमोजे उलटे करून वाळत घाल

ये. दार ओढून घे, वाऱ्याला इथे कुणी बोलावलेलं नाही.
तू एलिसेओ ना, ओयार्सोंच्या धाकटीचा?
कागद आणलायस? दाखव.
"संवादकौशल्य. संघभावना. वेळेचं व्यवस्थापन."
दोन आठवडे शिकवलं म्हणतोस, हीटरच्या खोलीत बसवून.
बरं. घडी घालून आतल्या खिशात ठेव, इथे सगळं भिजतं.

पुंता अरेनासात सहाची पाळी म्हणजे
पावणेसहाला बूट पायात.
वाटेत वारा असतो. तो सगळ्यांनाच असतो.
चौकात दोर बांधलेत ना, ते धरायचे आणि यायचं.
उशीर झालाच तर म्हण, उशीर झाला.
बसचं, आजीचं, कुत्र्याचं शेपूट त्याला जोडू नकोस.

हातमोजे उलटे करून वाळत घाल.
सकाळी ओल्या मोज्यात बोटं गेली
की दिवसभर जगाचा राग येतो
आणि निघतो शेजारच्यावर.
तुझ्या कागदावर याला काय म्हणतात कोण जाणे.

सुरी देताना मूठ पुढे.
वहीत आकडा असा काढ, की एक हा एकच दिसेल
आणि सात हा सात,
रात्रपाळीच्या झोपाळू डोळ्यांनाही.
माते पिऊन झालं की भांडं विसळ.
तुझी आई इथे नोकरीला नाही.

आणि बॉयलर सुरू असताना कुणी काही सांगितलं
तर त्याच्या तोंडाकडे बघ.
अर्धं कानांनी ऐकायचं,
उरलेलं ओठांवरून वेचायचं.

रोसामेल नावाचा माणूस होता इथे,
मोठ्या कढईवर, सेंतोया खेकडे उकडायला.
एका नव्या पोरीला तो ओरडून म्हणाला,
डावीकडून तिसरी तोटी बंद कर.
पोरीला "तोटी" एवढंच कळलं.
तिने मान हलवली.

मान फार लवकर हलते, एलिसेओ.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
मानेत तर सात आहेत, तरी ती हलते.

पुढे रोसामेल डाव्या हातानेच माते ओतायचा.
पोर दिसली की आधी तोच म्हणायचा, गुड मॉर्निंग, म्हणजे आपलं, बुएनोस दियास.
अकरा वर्षं, रोज.
ते ऐकायला तिला
रोज पावणेसहाला यावं लागायचं.

ती मोठी झाली. चष्मा लागला.
आता नव्या पोरांना दारापाशी गाठायचं काम
तिच्याकडे आहे.

काय?
मोठ्याने बोल, कॉम्प्रेसर सुरू झालाय.
नाही कळलं? कुठलं नाही कळलं?

हां.
थांब, मशीनपासून जरा बाजूला ये.
पहिल्यापासून सांगते.