रीडिंग

बावीस वर्षं मी या शहराचे आकडे वाचले.
टॉर्च, वही, काळी रबरी चप्पल.
पुढे वहीच्या जागी यंत्र आलं, चप्पल तीच.

तांडापेठेतल्या सोनकुसऱ्यांचे चार पॉवरलूम
मी आधी कानांनी वाचायचो, मग डोळ्यांनी.
एका दिवाळीला आकडा पार तळाला.
विचारलं नाही. फरशीवर मागांचे चार चौकोन होते,
बाकीच्या फरशीपेक्षा उजळ.
तीन वर्षांनी आकडा परत चढला:
मुलगा मिहानात लागला, घरात एसी लागला.
साहेब म्हणाले, बघा, खप वाढतोय म्हणजे देश वाढतोय.
मी हो म्हणालो.
एसी खरंच गार होता.

त्या मे महिन्यात ट्रेनिंगला आलेला एक इंजिनियर
माझ्यासोबत दिला. झांबियाचा, चिलेशे नावाचा.
शेहेचाळीस डिग्री. माझा दुपट्टा त्यानं डोक्याला गुंडाळला
आणि पहिल्या तासातच शिकला,
"पाणी देता का, बाई?"

राखेच्या तलावाकडची वस्ती शेवटी येते.
चिमण्या म्हटलं की तिथली पोरं
झाडाकडे नाही, कोराडीच्या धुराकडे बघतात.
दोरीवरच्या साड्यांवर बारीक करडी पूड.
रुखमा नारनवरेनं माठातून दोन पेले भरले,
झाकण आधी पदरानं पुसून.

मीटरवर या महिन्याचे एकशे चौदा युनिट.
कूलर, आणि कूलरसमोर खाटेवर सासरा.
मी यंत्रात टाकलं: घर बंद.
चिलेशे उघड्या दारात उभा होता.

मोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं,
घर बंद टाकलं की सरासरीचं बिल येतं,
थंडीतल्या सरासरीचं, तीस युनिटांचं.
उरलेलं नंतर निघतंच, सुटत काही नाही,
पण तोवर हिला संत्र्याच्या पेट्या भरायचं काम लागतं.

त्यानं पेला खाली ठेवला.
"आमचीही सरासरी काढतात," म्हणाला,
"तांब्याची खाण आणि माझी आई मिळून.
धरणाच्या तारा तिच्या गावावरून खाणीकडे जातात.
खाली तिचं दुकान आहे,
मेणबत्त्यांचं."

मी रुखमाला सांगितलं. ती हसायलाच लागली,
"येवढ्या दूरबी असंच हाये?
मंग विमानाचे पैसे काऊन घातले बाप्पा यानं?"
हे भाषांतर मला जमलं नाही.
तरी तोही हसला.

झिरो माइलच्या दगडावर हैदराबाद किती मैल ते कोरलंय.
परतताना तो त्याच्याभोवती दोनदा फिरला,
मग घोड्यांचा फोटो काढून हॉस्टेलला गेला.

आता नवे मीटर बसलेत.
स्वतःच स्वतःला वाचतात,
रिचार्ज संपलं की स्वतःच मिटतात.
मला सबस्टेशनात बसवलंय, पंख्याखाली.
गुडघ्यांना आराम आहे, खोटं कशाला बोलू.

काल दुपारी पडद्यावर तिचा ग्राहक क्रमांक आला.
तो मला पाठ आहे.
शिल्लक शून्य. बाहेर सव्वीस मे.
मी यादी वर नेली, खाली नेली,
चष्मा पुसून परत वर नेली.
त्यांनी सगळं ठेवलंय त्यात, तक्रार, विलंब, दंड.
घर बंद कुठेच नाही.