भामायचं प्रॉम्प्टिंग

त्र्याण्णव वर्षांत ती एकदाही रंगमंचावर चढली नाही.
उजव्या विंगेत बुटकं स्टूल,
मांडीवर वही, बाजूला कंदील, नंतर टॉर्च,
आणि नार्व्याच्या उत्सवातली एकेचाळीस नाटकं
आधी तिच्या ओठांतून गेली,
मग गावाच्या.

फेरीबोटीवरचा विठू शिरोडकर सेनापती व्हायचा.
दर वर्षी दुसऱ्या अंकात अडकायचा.
आतून भामाय एवढंच म्हणायची, ‘गद्दारा—’
पुढचं तो आपणच पेटून बोलायचा,
टाळ्या घ्यायचा, दुसऱ्या दिवशी फुकट दिवाडीला सोडायचा.
सगळं वाक्य सांगू नये गो, ती म्हणे,
पहिला शब्द द्यावा.
माणसाला लाज असते.

घरात कोंकणी, वहीत मराठी,
आणि बांगडे मोजायचे पोर्तुगीजमध्ये,
उं, दोयश, त्रेश,
म्हणजे कोळणीला वाटावं ही कुणीतरी मोठी आहे.
कोळणीला तसं कधीच वाटलं नाही.
प्रिमेर ग्रावचं सर्टिफिकेट तांदळाच्या डब्यात:
उंदरांनी शिकावं म्हणून नव्हे,
कागद कोरडा राहतो म्हणून.

स्वयंपाक? खरं सांगते, वाईट.
सासवातली मोहरी कडू व्हायची,
उड्डामेथी तळाला लागायची,
कारण चुलीच्या कट्ट्यावर
तिसरा अंक उघडा पडलेला असायचा.
आम्ही जेवायचो. तीही जेवायची,
आणि नावं ठेवायची, जणू दुसऱ्याच कुणी केलंय.

आजोबा खनिजाच्या बार्जवरून परतले नाहीत
तेव्हा बाबा नऊ वर्षांचे.
त्या साली विंगेत कुणी बसायचं
यावर देवळात बैठक झाली.
विधवेने, मंगल प्रसंगी, वगैरे.
बैठक चालू असतानाच ती जाऊन बसली,
डाळिंबी लुगड्यात,
कंदील धरायला मुलाला घेऊन.
पडदा वर गेला. बैठक तशीच राहिली,
माझ्या माहितीप्रमाणे अजून संपलेली नाही.

म्हापशाच्या कोर्टात आत्याच्या काडीमोडाची तारीख.
आत्या अडखळली, आणि मागच्या बाकावरून
स्पष्ट, कमावलेल्या कुजबुजीत:
‘त्या रात्री—’
न्यायाधीश म्हणाले, आजीबाई, गप्प.
ती गप्प झाली.
आत्या मात्र बोलत सुटली, पाऊण तास.

शेवटच्या महिन्यात ती स्वतः अडकायला लागली.
बांबोळीच्या वॉर्डात खिडकीकडची खाट.
आम्हाला ओळखायची, नावं सापडायची नाहीत.
एकदा बाबांकडे बघून, ‘तू गो… तू रे…’
आणि थांबली.
ओठ कोरडे, डोळे विंगेकडे,
पण विंगेत कुणीच नाही.

माझ्या जिभेवर नाव आलं होतं. बाबांनी हात दाबला.
पुढे वाकून म्हणाले फक्त, ‘अ—’
अडुसष्ट वर्षांचे अच्युत गावकर
कंदील धरल्यासारखा हात करून
वाट बघत राहिले.
सलाइनचे किती थेंब पडले ते मी मोजले नाहीत.
मग ती म्हणाली, ‘अडाणी.’
आणि हसली, दात नसलेलं, पूर्ण.

ओळखून म्हणाली की नुसतंच सुचलं
यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.
बाबा कुठल्याच पक्षात नाहीत.

यंदाच्या नाटकाला स्टूल तेच आहे.
त्यावर रोहिदासचा मुलगा, हातात टॅबलेट.
चांगला आहे पोरगा, वाचतो स्वच्छ,
पण सगळं वाक्य सांगतो,
शेवटच्या क्रियापदापर्यंत,
आणि सेनापती ते पुसून घेतल्यासारखं बोलतो.

मी पाचव्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर.
शेजारची बाई मघापासून माझ्याकडे बघते आहे.
माझे ओठ हलतायत, म्हणून असेल.