पाचातला एक

कोट्का बंदराच्या वरच्या रस्त्याला, नोव्हेंबरात,
दुपारी साडेतीनलाच काळोख दुकानात शिरतो
आणि भिंतीवरचे अठरा टीव्ही तेवढे जागे राहतात.
रेइमानं, आमच्या मॅनेजरनं, शिकवलेला डाव सोपा:
डावीकडे डीव्हीडी, उजवीकडे हाय-डेफिनिशन,
सिनेमा तोच, आणि डावीकडच्याची धार
गिऱ्हाईक यायच्या आधी दोन घरं बोथट करायची.
मी करत होते. पगार त्याचाच होता.

टाउनो रौतापा आले ते स्वतःची डीव्हीडी घेऊन,
रुमालात गुंडाळलेली, अंडं आणावं तशी.
"जुनीच तबकडी नव्या मशीनवर मोठी होते म्हणे?"
होते, म्हटलं. आणि का कोण जाणे,
धार होती तिथे परत नेऊन ठेवली.

तबकडीत रेघा पाचशे शहात्तर,
पडदा मागतो हजार ऐंशी.
मधल्या जागा मशीन भरतं,
दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना विचारून
मधल्या घरातल्याचा स्वभाव सांगावा तसं.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात;
इथे पाच ठिपक्यांत बोलतो एकच,
बाकीचे चौघे माना डोलावतात.
"आमच्या युनियनमध्येही असंच चालायचं," ते म्हणाले.

बावन्नाव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला.
धक्का, बोट, निरोपाला जमलेली गर्दी.
एकोणीसशे चौऱ्याहत्तर,
दिवसाचे चाळीस मार्क आणि वाडगाभर सूप.
तिसऱ्या रांगेत करडा कोट: ऐला.
दोन सेकंद.
मशीननं चेहरा लोण्यासारखा मऊ केला होता,
ओठांच्या कडेला काहीतरी होतं.
"हसतेय," ते म्हणाले. "तेहतीस वर्षं हसतेय."

उजवीकडची मी लावायला नको होती.
पण नोकरीच ती.

बोटीचे खिळे मोजता आले. दोरखंडाचा पीळ.
आकाश म्हणून जे होतं ते कापड निघालं, शिवण दिसली.
आणि ऐला हसत नव्हती.
दात आवळलेले.
कोटाचं वरचं बटण तुटलेलं, तिथे
उघड्या हातानं कॉलर धरलेली,
नखं निळी.

टाउनो इतके पुढे गेले
की त्यांच्या श्वासानं पडद्यावर वाफ धरली.
"हातमोजे माझ्यापाशी होते. गाडीत.
आणून दे म्हणाली होती.
मी म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम."

"पुन्हा लाव."
लावलं.
सातव्यांदा रेइमा मागून खाकरला.

मी किमती सांगितल्या.
डावीकडचं मशीन एकोणऐंशी युरो, उजवीकडचं सातशे नव्व्याण्णव,
आणि त्यातही दोन जाती, लाल डबी, निळी डबी,
वर्षभरात एकीचं तेरावं नक्की,
कुणाचं ते तेव्हा कंपन्यांनाही ठाऊक नव्हतं.
त्यांनी नुसती तबकडी घेतली. निळी.
घरी ती वाचणारं काही नाही, मी आठवण केली.
"माहीत आहे," म्हणाले, आणि ती कोटाच्या आत,
स्वेटरच्याही आत सरकवून
वरचं बटण लावलं.

रुमाल काउंटरवरच राहिला, जुन्या तबकडीसकट.
बिलावर नंबर होता, सोमवारी फोन केला.
"राहू दे तुझ्याकडे," म्हणाले.
मग बराच वेळ नुसती खरखर,
आणि:
"तिकडे अजून हसतेय ना?"

थांबा, म्हटलं, बघून सांगते.