तिसऱ्या तोड्याचा लाल

भिवापूरच्या अलीकडे, समाजमंदिराच्या ओट्यावर
थर्माकोल उभा केला,
खाली पांढरा चार्ट, पिना टोचून ताणलेला.
बचत गटाची अकरा पाकिटं,
एकही धड उभं राहीना; मागून खड्यांचा टेकू दिला.
प्लॅस्टिकवर माझंच कपाळ चमकत होतं.
लग्नातली छत्री इथे कुचकामी.
पुस्तकलाबाईंनी सासऱ्याचं धोतर दिलं,
ते उन्हाला आडवं बांधलं.

शिंकत शिंकत चाळीस फोटो.
मग साऱ्या जणी लॅपटॉपभोवती.
'हे कोनाची मिरची हाय, भाऊ?'
मी लाल वाढवला.
'आता नवरीचा शालू झाला.'
कमी केला.
'गेरू.'

पुस्तकलाबाई दडमल आत गेल्या,
एक वाळकी मिरची आणून
पडद्याला लावून धरली,
दुकानात ब्लाउजपीस जुळवतात तशी.
'तिसऱ्या तोड्याची हाय. पाह्य.'

वीस वर्षं मी नवऱ्या गोऱ्या करून दिल्या,
कुणी असा हात धरला नव्हता.
ऊन भिंतीवर चढेपर्यंत
केसाकेसाने रंग सरकवत राहिलो.
त्यांच्या बोटांतली मिरची पडद्यात हरवली
तेव्हा कुठे त्या 'हं' म्हणाल्या.

वेबसाइटवर तो लाल टिकला.
नागपूरहून छापून आलेली लेबलं मात्र विटकरी.
मी शाईचं सांगू लागलो, कागदाचं,
चार रंगांत सगळं बसवावं लागतं त्याचं.
त्यांनी लेबल उगाच नाकाशी नेलं.
'खोटी नाई,' म्हणाल्या,
'मागच्या सालची हाय.'