सदतीस नंबरचा हिरवा

रविवारी दुकान बंद असतं, म्हणून उघडं असतं.
नवी पेठेत, अर्ध्या शटरखालून वाकून
चौघं आत येतात, घड्याळांच्या काउंटरवर
पंचा अंथरतात, नाणी मांडतात.
माझं काम चहा सांगणं
आणि भिंग उसनं देणं.

आज मधोमध एक पोपट.
कुठल्याशा बेटाचा, चांदीचा,
मागे मुकुट, पुढे फांदी,
चोच लाल, पंख हिरवे, यंत्रानं रंगवलेले,
प्लास्टिकच्या डबीत. सोबत छापील दाखला.

हत्तरगी सरांनी डबी उघडलीसुद्धा नाही.
चाळीस वर्षं आदिलशाही लारी जमवणारा माणूस,
दुमडलेली चांदीची तार, तिच्यावर अर्धीमुर्धी अक्षरं.
"ठसा म्हणजे घाव," म्हणाले, "धातूनं सोसलेला.
हे काय, नेलपॉलिश.
उद्या बत्ताशावर चित्र काढाल अन् नाणं म्हणाल."

मकबूल नल्लामंदू हसला. तो विकतो,
त्यामुळं त्याला सगळंच आवडतं.
"पोरं हेच मागायलीत ओ सर.
तुमची लारी दाखवली तर विचारतात,
ही केसांची पिन किती जुनी?"

सुमंगलाबाई बँकेत रोखपाल होत्या,
बोलतानाही त्यांचा अंगठा काहीतरी मोजत असतो.
"माझा रुपया बघा," म्हणाल्या,
"सासूबाईंनी साठ दिवाळ्या पूजेत ठेवलेला.
आकड्यांत कुंकू असं बसलंय
की साल लागत नाही.
ह्याला रंगीत म्हणायचं, का घाण?"
सर म्हणाले, भक्ती.
मकबूल म्हणाला, भाव निम्मा.

गाजूल मामा काहीच बोलले नव्हते.
साखर पेठेतल्या रंगखान्यात बत्तीस वर्षं,
नखांच्या मुळाशी अजून एक निळी रेघ.
त्यांच्याकडं फारशी नाणी नाहीत. ते बसायला येतात.
त्यांनी डबी उघडली,
रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं,
आणि मकबूल "ओ मामा, ओ ओ" म्हणेपर्यंत
पोपटाला घासलं.
दहा वेळा. मोजून.
सुमंगलाबाईंनी डोळे मिटले,
सरांच्या हातातला चहा बशीत सांडला.
त्यांना तो पोपट कवडीचा वाटत होता,
पण नाणं घासणं म्हणजे पापच.

रुमाल पांढराच.
"पक्का हाय," मामा म्हणाले.
"पण नुसता वर बसलाय.
सूत रंग पितंय, सर. कढत पाण्यात तासभर पितंय,
मग तो त्याचा होतंय.
चांदीला तहानच नाही."

सरांना वाटलं, आपण जिंकलो.
मकबूल नुकसानीचा हिशेब सांगू लागला.
मामा उठून सायकलवर कुठंतरी गेले.

पाऊण तासानं आले, घामानं निथळत.
काखेत जाड पुठ्ठा, कडा उंदरानं कुरतडलेल्या,
त्यावर ओळीनं चिकटवलेले सुताचे झुपके,
प्रत्येकाखाली शाईनं आकडा.
छत्तीसनंतर रिकामी जागा,
वाळलेल्या डिंकाचा पिवळा डाग.
"सदतीस," म्हणाले. "व्यापारी हाच मागायचे.
कृती मास्तरच्या डोक्यात होती.
मास्तर गेला, मग कारखाना गेला,
अन् झुपका कधी गळला, कळलंच नाही."

शटरखालून पट्टीभर ऊन येत होतं.
त्यात पुठ्ठा धरून
डिंकाच्या डागावर त्यांनी पोपटाचा पंख ठेवला,
एकदा छत्तीसशी पाहिला, एकदा अडतीसशी.
भिंग दिलं, ते घेतलं नाही.
"ह्योच की," म्हणाले.
मग तेलुगूत, आपल्याशीच: "इदे, इदे."

मकबूलनं सांगितला तो भाव दिला.
"गाजूल, हे नाणं नव्हे ओ," सर म्हणाले, जरा हळू.
"नसू दे की."
डबी नको म्हणाले. ओला रुमाल पिळला,
पोपट त्यातच बांधला.

दाखला काउंटरवर राहिला.
कागद जाड आहे, गुळगुळीत,
घड्याळं उघडताना मी त्यावर बारके स्क्रू ठेवतो.